हाली की कलदार?

ज्यांच्या घरात स्वातंत्र्यापूर्वीच्या हिशेबाच्या वह्या किंवा खरेदीखतं असतील त्यांनी ती एकदा उघडून पाहावीत. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या कागदांत, त्यातही बार्शीकडे देवघेव असलेल्या घरांच्या कागदांत, रकमेशेजारी एक छोटा शब्द हमखास सापडतो. 'हाली' किंवा 'कलदार'. आजच्या वाचकाला तो शब्द अडगळीसारखा वाटतो. रुपये पाचशे म्हटलं की झालं, पुढे आणखी शेपूट कशाला?

त्या शेपटावरच सगळा हिशेब अवलंबून होता. आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. शेजारची बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. संस्थानाचं स्वतःचं नाणं होतं, तो हाली सिक्का. इंग्रज सरकारचा रुपया कळीवर, म्हणजे यंत्रावर पाडलेला, म्हणून तो कलदार. दोघांचंही नाव रुपया, दोघांचेही सोळा आणे, पण किंमत वेगळी. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण ठरलेला भाव. म्हणजे ७०० हाली घेऊन बार्शीला गेलेल्या माणसाच्या हातात ६०० कलदार पडायचे. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोचल्यावर तर माल आणि पैसा दोन्ही रोज सरहद्द ओलांडू लागले. वहीत नुसतं '७००' लिहिणारा मुनीम एक दिवसही टिकला नसता.

संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५० मध्ये भारतीय रुपया इथे आला. काही वर्षं दोन्ही नाणी शेजारी शेजारी चालली आणि १९५९ मध्ये हाली कायमचा बाद झाला. नाणं गेलं, तसा वहीतला तो शब्दही गेला. पण मुनिमाला कळलेली गोष्ट मात्र राहिली. ती अशी, की आकडा एकटा कधी लिहू नये. तो कशाचा आहे हे त्याच्या शेजारी लिहिलेलं हवं, आणि ते नोंद करतानाच लिहिलेलं हवं. नंतर आठवून लिहू म्हटलं तर लिहिणारा नसतो.

आज मला या मुनिमाची एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती संगणकाशी जोडलेली आहे. मंडळी, घाबरू नका. ज्याला आणे-पै कळतात त्याला ही गोष्ट कळेल.

आधी आण्याचंच बघू. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, हे आमच्या पिढीला पाठ आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे १०० नये पैसे झाले आणि आणा हळूहळू बाजारातून उठला. पण आणा फक्त पैशाचा नव्हता. मुंबई इलाख्यात जमीन मोजायची साखळी ३३ फुटांची असे, तिचे सोळा भाग केलेले असत आणि त्या भागालाही आणाच म्हणत. जमिनीतला हिस्साही आण्यांत सांगत. चार आणे हिस्सा म्हणजे पाव वाटा. पीक किती आलं याचा अंदाजही आण्यांत, ती आणेवारी. आणा गेला तशी तिची पैसेवारी झाली आणि आजही गावाची अंतिम पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळी सवलतींचा विचार होतो. आपल्या जिल्ह्याला हे सांगायला नको. त्या पन्नास पैशांनी चहाचा घोटसुद्धा मिळत नाही, पण त्यावर गावाचं वर्ष ठरतं.

म्हणजे 'आठ आणे' हा शब्द चार वेगवेगळ्या रकान्यांत बसतो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्थ सांगतो. पैशाच्या रकान्यात तो अर्धा रुपया, मोजणीच्या रकान्यात साडेसोळा फूट, हिस्स्याच्या रकान्यात अर्धी जमीन, पिकाच्या रकान्यात अर्धं पीक. चारही आठ आणे एकाखाली एक लिहून बेरीज केली तर दोन रुपये येतील. बेरीज बरोबर, आणि उत्तराला काडीचा अर्थ नाही.

वर्षाचंही तसंच. जुन्या कागदावर 'सन १३५२' असतं आणि पुढे बारीकसा 'फ'. तो फ म्हणजे फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९४२-४३. तो फ वाचला नाही तर आपल्या पणजोबांनी बहामनी राज्य स्थापन झाल्यावर पाचव्या वर्षी बैलजोडी घेतली असं निघेल.

आता जमीन. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. १८५३ च्या तहानंतर काही वर्षं आपला नळदुर्ग-धाराशिवचा भाग इंग्रजांच्या ताब्यात होता, १८६० मध्ये तो निजामाला परत मिळाला. मधल्या काळात नळदुर्गला मेडोज टेलर हा अधिकारी होता. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही १८३९ ची कादंबरी लिहिणारा तोच. त्याच्या कारकिर्दीत या भागात जमीन मोजणीचं काम सुरू झालं. पुढे संस्थानाचे कागद, मग १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावरचे कागद, मग महाराष्ट्राचे कागद, असे थरावर थर साचत गेले. बिघा, एकर-गुंठे, हेक्टर-आर ही मापं त्या थरांत एकमेकांवर बसलेली आहेत. एकाच शेताच्या कागदांच्या एकाच बाडात तिन्ही सापडू शकतात.

असंच एक बाड आमच्या घरी आहे. तेरणेकाठची आमची वडिलोपार्जित जमीन चार घरांत वाटायची आहे, हे नातेवाईक मंडळींना ठाऊकच आहे. वाटणीचा कागद करण्याआधी सगळी शेतं एका यादीत आणावीत म्हणून मी जुन्या वहीतून ती टंकून काढली. माझ्या पुतण्याचा मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. तो म्हणाला, "आजोबा, यादी पाठवा, बेरजेचा छोटा प्रोग्रॅम मी लिहितो." कामावर तो 'पर्ल' नावाची संगणकभाषा वापरतो, म्हणून प्रोग्रॅमही त्याने पर्लमध्येच लिहिला.

पहिल्या पानावर चार शेतं होती. चिंचेचं ३ एकर २५ गुंठे, ओढ्याचं २ एकर ३०, माळाचं ४ एकर १८, गावाजवळचं १ एकर ३५. वहीत ती ३.२५, २.३०, ४.१८, १.३५ अशी मध्ये टिंब देऊन लिहिलेली. मी तशीच मराठी अंकांत टंकली.

पहिली बेरीज आली शून्य.

पोरगं हसलं. पर्लला बेरीज करताना फक्त इंग्रजी वळणाचे अंक अंक म्हणून समजतात. मराठी अंक दिसला की तो शब्द आहे असं धरून ती त्याची किंमत शून्य लावते आणि निमूट पुढे जाते. गंमत पुढेच आहे. याच पर्लला 'हे अक्षर अंक आहे का?' असं विचारण्याची एक खूण आहे. तिने विचारलं तर आपल्या मराठी तीनला ती 'होय, अंक आहे' म्हणते. कारण युनिकोडमध्ये देवनागरी अंकांची नोंद अंक म्हणूनच आहे. म्हणजे दारावर विचारलं तर अंक, आणि आत हिशेबाला बसवलं तर शून्य! २०११ च्या आवृत्तीपासून 'फक्त इंग्रजी वळणाचेच अंक धर' असं त्या खुणेला सांगता येतं, आणि मराठी अंकाची खरी किंमत काढून देण्याची सोयही आहे. पण हे मुद्दाम सांगावं लागतं.

अंक बदलले. दुसरी बेरीज आली ११.०८. अकरा एकर आठ गुंठे. अगदी शहाण्यासारखं दिसणारं उत्तर.

आता तुम्ही कागदावर करून पाहा. एकर झाले दहा. गुंठे २५, ३०, १८ आणि ३५, मिळून १०८. त्यातून ऐंशी गुंठ्यांचे दोन एकर हातचे गेले, उरले २८. खरी बेरीज बारा एकर अठ्ठावीस गुंठे. संगणकाने गुंठ्यांना दशांश समजून शंभराला एक हातचा धरला, आणि दीड एकर जमीन कोणी नांगर न लावता नाहीशी झाली. चार घरांत वाटलं तर प्रत्येकाला ३ एकर ७ गुंठ्यांऐवजी २ एकर ३२ गुंठे. घरटी पंधरा गुंठे कमी.

शून्य परवडलं. शून्य पाहून लहान मूलही म्हणेल की काहीतरी बिघडलं. अकरा एकर आठ गुंठे परवडलं नसतं, कारण त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. उघड चूक घरातच थांबते. शहाण्यासारखी दिसणारी चूक सही-शिक्क्यापर्यंत जाते आणि मग भावाभावांत बोलणं बंद होतं.

माझ्यातला मास्तर इथे जागा झाला. ही कसली भाषा, जी काहीही द्या, चालवून घेते? म्हणून मी त्या पोराला प्रश्न विचारून विचारून भंडावलं. त्यातून जे समजलं ते सांगतो.

पर्ल ही १९८७ मध्ये लॅरी वॉल या अमेरिकन माणसाने तयार केली. हा गृहस्थ मुळात भाषाशास्त्र शिकलेला. ज्या भाषांना लिपी नाही अशा एखाद्या भाषेवर काम करायचं त्याच्या मनात होतं. ते राहून गेलं, पण भाषेची समज त्याने पर्लमध्ये उतरवली. माणूस बोलतो तसं लिहिता यावं, एकाच कामाच्या अनेक वाटा असाव्यात, हा त्याचा आग्रह. लांबलचक मजकुरातून हवं ते वेचून काढण्यात ही भाषा पटाईत.

व्याकरण शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला एक गोष्ट फार आवडली. पर्लमध्ये नावाआधी एक चिन्ह लावतात. एका चिन्हाचा अर्थ एकवचन, म्हणजे इथे एकच वस्तू आहे. दुसऱ्या चिन्हाचा अर्थ अनेकवचन, म्हणजे इथे वस्तूंची रांग आहे. या रांगेला अ‍ॅरे म्हणतात. आपल्या फडताळातल्या खणांसारखी ती समजा. पहिला खण, दुसरा खण, असे ओळीने. वचन पर्ल काटेकोर पाळते. पण खणात काय ठेवलंय हे ती विचारत नाही. एका खणात आकडा, शेजारच्यात नाव, त्याच्या शेजारी तारीख, सगळं चालतं. आकडा शब्दासारखा वापरला की शब्द, शब्द आकड्यासारखा वापरला की आकडा. 'दोन एकर' असा शब्द बेरजेत आला तर शून्य. सूचना द्यायला सांगितलं असेल तर ती एक ओळ कुरकुरते, पण बेरीज थांबवत नाही.

आपली मराठी अशी नाही. 'चांगला गाय' म्हणून पाहा, चौथीतलं पोर दचकेल. नामाचं लिंग काय याची तपासणी आपण अशा विशेषणापाशी करतो, तीही बोलता बोलता. काही संगणकभाषा मराठीसारख्या आहेत. १९७० मध्ये स्विस संगणकतज्ज्ञ निक्लाउस विर्थ यांनी पास्कल ही भाषा तयार केली, ती मुख्यतः शिकवण्यासाठी. तिच्यात रांग मांडतानाच सांगावं लागतं की या रांगेत फक्त पूर्णांक राहतील. एवढंच काय, 'शून्य ते एकोणचाळीस' असा प्रकारसुद्धा ठरवता येतो. गुंठ्यांचा रकाना हा! तिथे चाळीस आला की तो गुंठा नव्हेच. विर्थसाहेब २०२४ च्या पहिल्या दिवशी वारले. त्यांना आपला गुंठा ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्यांनी त्याची जागा करून ठेवली होती.

मग पर्लच्या रांगेला ही शिस्त लावता येते का? येते. आणि ती कशी कशी लावत गेले हा इतिहास मला आपल्या दफ्तरांच्या इतिहासासारखाच वाटला.

सगळ्यात जुनी रीत म्हणजे लिहिणाऱ्याची शिस्त. रांगेत टाकण्याआधी प्रत्येकाने आपणहून तपासून घ्यायचं. मुनीम चांगला असेल तोवर हे चालतं. दुसऱ्याच्या हातात वही गेली की संपलं.

दुसरी रीत १९९४ च्या पर्ल ५ मध्ये आली. रांगेला एक राखणदार बांधायचा. इंग्रजीत त्याला 'टाय' म्हणजे बांधणंच म्हणतात. बाहेरून रांग नेहमीसारखीच दिसते, पण कोणत्याही खणात काहीही ठेवायला गेलं की ते आधी राखणदाराच्या हातात जातं. त्याने पाहिलं, पटलं, तर आत. नाही पटलं तर काम तिथेच थांबतं. इथे सुटका नाही. मात्र प्रत्येक वस्तूला राखणदारापाशी थांबावं लागतं, त्यामुळे काम मंदावतं. लाखो नोंदींच्या यादीत हा फरक चांगलाच जाणवतो.

तिसरी रीत २००६ मध्ये आली. स्टीव्हन लिटल यांनी पर्लसाठी 'मूस' नावाची जोडणी तयार केली. तिच्यात नुसतं जाहीर करायचं, की ही यादी पूर्णांकांची. मग यादी सोपवली जाते त्या क्षणी एकेक वस्तू तपासली जाते. ऐकायला छान. पण यात एक मागचं दार आहे. तपासणी होते ती आख्खी यादी सोपवताना. एकदा यादी आत गेली, की तिचा पत्ता मागून घेऊन कोणी तिच्या शेवटी एक नवी वस्तू हळूच ढकलली, तर ती कोणी पाहत नाही. पुढच्या दारी पहारा, परसदार उघडं. यावर तोडही त्यांनीच दिली आहे. यादीचा पत्ता कोणाला द्यायचाच नाही. 'नवी नोंद घाल' हे काम यादीच्या मालकालाच सांगायचं, म्हणजे तो तपासून घालतो.

हे ऐकून मला हसू आलं. कारण गावच्या दफ्तराची रीत हीच आहे. सातबारावर कोणी परस्पर नाव चढवत नाही. आधी फेरफार नोंद होते, हरकत घ्यायला मुदत मिळते, मंजुरी होते, आणि मग ती नोंद सातबारावर येते. वही सगळ्यांना वाचता येते, पण तिच्यात लिहायचं एकच दार. ते दार सोडून कोणी लिहिलं तर काय होतं, हे ज्यांच्या जमिनीचे खटले दोन-दोन पिढ्या चालले त्यांना विचारा.

पुढे पर्लच्या घराण्यातच एक नवी भाषा निघाली. २००० मध्ये तिची घोषणा झाली, पंधरा वर्षांनी, २०१५ मध्ये, ती तयार झाली आणि २०१९ मध्ये तिचं नाव राकू ठेवलं. तिच्यात रांग मांडतानाच 'फक्त पूर्णांक' असं लिहिता येतं आणि मग मागून ढकललेली वस्तूसुद्धा तपासली जाते. लिहायचं असेल तर लिहा, नसेल तर जुन्यासारखं मोकळं ठेवा. ज्या वॉलने सगळं चालवून घेणारी भाषा केली, त्याच्याच देखरेखीखाली ही झाली. अनुभवाने माणूस मुनिमाकडे येतोच.

कोणी म्हणेल, एवढ्या-तेवढ्या बेरजेसाठी हा खटाटोप कशाला? तर २३ सप्टेंबर १९९९ ला अमेरिकेचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाजवळ पोचून नष्ट झालं. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम जोराचे आकडे इंग्रजी पौंडांत देत होता आणि ते घेणारा प्रोग्रॅम त्यांना मेट्रिक न्यूटनांत समजत होता. एक पौंड म्हणजे साधारण साडेचार न्यूटन. आकडे जात होते, घेतले जात होते. फरक हाली-कलदारचा, पण त्यांच्या वहीत शेजारचा शब्द नव्हता.

आता आमच्या यादीकडे. पोराने प्रकार ठरवला 'एकर-गुंठे'. यादीत तोच शिरेल, दुसरं काही नाही. आत सगळं गुंठ्यांत ठेवायचं, दाखवताना एकर करून दाखवायचं. मी विचारलं, गुंठे एकोणचाळीसच्या वर गेले की अडव, एवढं पुरे नाही का? तो म्हणाला, "नाही आजोबा. ३.२५ हे तीन एकर पंचवीस गुंठेही असू शकतं, सव्वातीन एकरही असू शकतं, आणि तीन हेक्टर पंचवीस आरही असू शकतं. आकड्याकडे बघून कळणार नाही. कागद बघून तुम्हीच सांगायचं."

बरोबर होतं त्याचं. नुसती छाननी पुरत नाही, प्रकार आकड्यासोबत चालावा लागतो. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे मी माप लिहिलं. पुन्हा हाली-कलदार!

पहिल्या पानाची चारही शेतं आत गेली. बेरीज बारा एकर अठ्ठावीस गुंठे. ५०८ गुंठे. चार घरांना १२७ प्रत्येकी.

दुसऱ्या पानावर मात्र राखणदाराने एकामागून एक नोंदी परत पाठवल्या. एक होती ०.७२, अलीकडच्या सातबारावरून घेतलेली. ती हेक्टर-आरमध्ये निघाली. बहात्तर आर म्हणजे सुमारे १ एकर ३१ गुंठे. तिचं माप लिहिल्यावर तीही आत गेली. दुसरीत होतं 'दोन बिघे', आणि बिघा तर प्रत्येक मुलखाचा निराळा. तिसरीत नुसतं 'वरीलप्रमाणे'. वरची नोंद कोणती, तर ते पानच फाटलेलं. चौथीत 'आठ आणे'. कशाचे आठ आणे? विहिरीतला हिस्सा, की शेतातला, की कोणाला दिलेली अर्धेली?

पोराने सहज विचारलं, "या तीन काढून टाकू का? मग यादी स्वच्छ होते."

इथे मी त्याला थांबवलं, आणि आजच्या लिखाणात मला जे सांगायचंय ते हेच आहे. तपासणी हवीच. पण तपासणीत नापास झालेली नोंद म्हणजे खोटी नोंद नव्हे. ती आपल्या रकान्यात बसत नाही एवढंच. 'आठ आणे' लिहिणाऱ्याला ते कशाचे हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्याने पुढे काही लिहिलं नाही. ते ठाऊक असणारी माणसं गेली. रकाना मागाहून आला. रकान्यात बसत नाही म्हणून नोंद फेकली, तर बेरीज स्वच्छ होते आणि कोणाचा तरी विहिरीवरचा हक्क त्या स्वच्छतेत वाहून जातो.

आणि उलटही तितकंच खरं. रकान्यात चपखल बसली म्हणून नोंद खरी ठरत नाही. चाळीसच्या आतले खोटे गुंठे कोणता राखणदार ओळखणार? जिल्ह्याच्या नावाचंच पाहा. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. 'जिल्ह्याचं नाव' या रकान्यात दोन्ही शब्द बसतात, प्रकाराच्या दृष्टीने दोन्ही निर्दोष. १९७० च्या कागदावर उस्मानाबादच हवं, आजच्या कागदावर धाराशिव. लातूर जिल्हा १९८२ मध्ये आपल्यातून वेगळा झाला, तेव्हा त्याआधीच्या कागदावर लातूरच्या गावापुढे उस्मानाबाद दिसलं तरी ती चूक नाही. हे ठरवायला तारीख बघावी लागते, इतिहास माहीत असावा लागतो. संगणक प्रकार तपासतो. खरं-खोटं माणसालाच तपासावं लागतं, आणि प्रकार आधीच लावलेला असला की त्या माणसाचं अर्धं काम हलकं होतं.

म्हणून आम्ही दोन याद्या केल्या. एक स्वच्छ, जिच्यात फक्त एकर-गुंठे शिरतात. दुसरी अडलेल्यांची. तिच्यात प्रत्येक नोंद वहीत होती तशीच, अक्षरही न बदलता, आणि तिच्यापुढे ती का अडली याचं कारण. ही दुसरी यादी पोराला आधी फालतू वाटत होती. आता तो म्हणतो की कामावरही तो असंच करणार, अडलेलं फेकायचं नाही, कारणासकट बाजूला ठेवायचं.

स्वच्छ यादी चारही घरांना पाठवली आहे. ती कागदावर स्वतः जोडून पाहा, माझ्यावर किंवा संगणकावर विसंबू नका. आणि अडलेल्या यादीत अजून तीन नोंदी आहेत. दोन बिघे, वरीलप्रमाणे आणि आठ आणे. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाला, माहेरी ऐकलेल्या कोणा आत्याला, यातलं काही आठवत असेल तर कळवा. वाटणीच्या कागदावर सह्या त्यानंतरच करू.